आत लोखंड न्यायचं नाही

"पिशवीत काय हाय?"

राईच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा एक काळा दगड होता. त्यावर तान्हुबाई मरगळे पाय सोडून बसली होती. साठीची, वाळकी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी डोंगर चढून घामाघूम झालेली आणि ही बाई मला कस्टमवाल्यासारखी अडवून बसलेली.

"वही आहे, पाण्याची बाटली आहे," मी म्हटलं.

"आनि?"

"आणि मोजायची टेप."

"लोखंडाची?"

"हो. म्हणजे स्टीलची."

"ठेव हितं दगडावं. आत लोखंड न्यायचं न्हाय. आन ती वढनी कशानं टोचलीया?"

ओढणीची पिनसुद्धा काढून ठेवावी लागली. चपला तर आधीच काढल्या होत्या. मनातल्या मनात मी तिला बरीच नावं ठेवली. पुण्याहून तीन बस बदलून आले होते, आणि टेपशिवाय ओढ्याची रुंदी काय वितीनं मोजायची?

"वितीनं मोज की," तान्हुबाई म्हणाली, जणू मी मोठ्यानं बोलले होते. "माझ्या सासूनं तसाच मोजलावता."

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि पुण्यातल्या एका तीन खोल्यांच्या संस्थेत काम करत होते. काम एकच, अर्ज लिहायचे. डोंगरातल्या वाड्यांचे ओढे पुन्हा वाहते करायला कोण पैसे देतं ते शोधायचं, त्यांच्या नमुन्यात माहिती भरायची आणि नकाराच्या पत्राची वाट बघायची. कुंभळवाडीच्या गायओढ्यासाठी मी तीन अर्ज केले होते आणि तिन्ही साभार परत आले होते.

गायओढा दिवाळीपर्यंत वाहायचा आणि मग नुसती धोंड्यांची रांग उरायची. काठ उघडे, गुरांनी तुडवलेले, झाडोरा सरपणात गेलेला. फेब्रुवारी लागला की वाडीतल्या बाया तासभर उतरून खालच्या विहिरीवर जायच्या आणि दीड तास चढून परत यायच्या. आम्हाला दोन किलोमीटर काठावर पुन्हा झाडोरा उभा करायचा होता, छोटे दगडी बांध घालायचे होते, ओढ्यातलं मासे-खेकड्यांचं बिऱ्हाड परत आणायचं होतं. तिसऱ्या नकारात मुंबईच्या एका न्यासानं लिहिलं होतं, 'आपली योजना चांगली आहे, परंतु असा ओढा या भागात जगू शकतो याचा पुरावा नाही.'

आमचे प्रमुख देवस्थळी सर तसे सज्जन. पण ते पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "वृंदा, आता एकदाच. या वेळी जमलं नाही तर कुंभळवाडीची फाईल बंद. आणि खरं सांगू का, मग तुला ठेवणंही मला अवघड आहे."

तो पुरावा शोधत मी राईपर्यंत आले होते.

राई म्हणजे वाडीच्या वरच्या अंगाला ओढ्याच्या दोन्ही काठांची तीनशे पावलं. मध्ये एक डोह. तिथं साती आसरा राहतात, पाण्यातल्या सात बाया, असं वाडी मानायची. त्यांच्या घरात कोयता नाही, कुऱ्हाड नाही, विळा नाही. तान्हुबाईच्या सासूनं राई राखली होती, तिच्या सासूनंही, आणि गेली चाळीस वर्षं ही राखत होती. पगार नाही, मान नाही, कुणी पावती देत नाही. रोज सकाळी येऊन दगडावर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी तपासायची.

मी आत गेले. फेब्रुवारी संपत आला होता. खाली ओढ्यात धूळ उडत होती, आणि इथं कमरेएवढं पाणी! काठावर उंबर, जांभूळ, वाळुंज. पाण्याला लागून लव्हाळ्याची दाट झालर, तिच्यामागे निगडीची जाळी. मुळांच्या बेचक्यांतून खेकडे डोकावत होते. एक खंड्या माझ्या डोक्यावरून पाण्यात घुसला आणि मासा घेऊन गेला.

"तान्हुबाई," मी म्हटलं, "हे असंच खाली वाडीपर्यंत करता येईल."

"यील की. आमचं कोन आईकतंय? तू लिही. तुजं आईकतील."

मी लिहिलं. अख्खा चौथा अर्ज त्या राईवर लिहिला. फोटो लावले. टेपशिवाय, वितीनं आणि पावलांनी घेतलेली मापं लावली. 'हा आमचा नमुना आहे,' असं लिहिलं. आणि काय सांगू, महिन्याभरात पत्र आलं. न्यासाच्या वतीनं डॉ. नगरकर प्रत्यक्ष पाहणीला येणार होत्या. नमुना पट्टा दाखवावा.

मी ऑफिसात अक्षरशः उडी मारली. लगेच घाटाखालच्या किराणा दुकानात फोन लावला आणि कुंभळवाडीचे सरपंच हैबती मरगळे यांना निरोप देऊन फोनवर बोलावून घेतलं. ते तान्हुबाईच्या दिराचे चिरंजीव, हौशी माणूस.

"सरपंच, मोठ्या बाई येणार आहेत. सगळं या एका भेटीवर आहे."

"मॅडम, तुमी काळजीच करू नका. हलगी लावू?"

"हलगी नको हो! फक्त एक करा. राईकडं जरा लक्ष द्या. ओढा नीटनेटका दिसला पाहिजे."

"नीटनेटका?"

"हो, अगदी स्वच्छ. माझ्या नावानं सांगा सगळ्यांना."

माझ्या डोळ्यांपुढे वाटेवरच्या गुटख्याच्या पुड्या होत्या आणि पाण्यात अडकलेली एक निळी प्लास्टिकची पिशवी. तेवढंच. पण ते मी बोलले नाही. फोनचं मीटर पळत होतं आणि मी आनंदात होते.

नगरकरबाई पंचावन्नच्या आसपासच्या होत्या. डोक्यावर कापडी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोजकं. जीपमध्ये मी सबंध घाट त्यांना लव्हाळ्याबद्दल सांगत होते. मुळं माती कशी धरून ठेवतात, त्यात मासे अंडी कशी घालतात. त्या नुसत्या "हं" म्हणत होत्या.

हलगी होतीच. ओवाळणं झालं, नारळ झाला, टोपी आडवी येते म्हणून बाईंच्या टोपीवरच कुंकू लागलं. हैबती पुढे, आम्ही मागे, आणि आमच्यामागे सगळी वाडी. वाटेवर रांगोळी काढलेली. मला तेव्हाच कसंतरी झालं.

"दोन दिस बाया राबल्यात, मॅडम," हैबती मागे वळून म्हणाले. "बगाच आता. चकाचक!"

राईच्या तोंडाशी पोहोचलो.

लव्हाळं नव्हतं. निगडी नव्हती. वाळुंजाची कोवळी रोपं नव्हती. मोठी झाडं तेवढी उभी होती आणि त्यांच्याखाली दोन्ही काठांना अंगणासारखी चोपलेली लाल माती. काठावरच्या धोंड्यांना चुना फासलेला, वर गेरूची रेघ. डोहाचं पाणी चहासारखं गढूळ. बाजूला सुकत पडलेला हिरवा ढीग, माझ्या उंचीचा. खंड्या तर कुठंच दिसेना.

नगरकरबाई ढिगापाशी गेल्या. एक काडी उचलून तिच्या टोकाकडे बघत राहिल्या.

"हे कापलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मुळासकट आलंय."

"व्हय जी," हैबती अभिमानानं म्हणाले. "आत लोखंड चालत न्हाय ना. रिवाज हाय. मंग हातानंच उपटलं सगळं."

आता विचार करा. विळ्यानं कापलं असतं तर पहिल्या पावसात महिन्याभरात पुन्हा फुटलं असतं. पण ही माणसं रिवाज मोडणारी नव्हती. त्यांनी आसरांच्या घरात लोखंड नेलं नाही, आणि म्हणून एक मूळसुद्धा मागं ठेवलं नाही.

तान्हुबाई आपल्या दगडाशेजारी उभी होती. नवं लुगडं नेसलेली. दोन्ही तळव्यांना हळद लावून चिंध्या बांधलेल्या. लव्हाळ्याची पात कशी कापते ते ज्यानं ओढलंय त्यालाच ठाऊक. माझ्याकडे बघून ती हसली. शाबासकीची वाट बघत होती ती! माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक, पण तिचं हसू हळूहळू मावळलं.

"राखण कोण करतं इथली?" नगरकरबाईंनी विचारलं.

"मी," तान्हुबाई म्हणाली.

"किती वर्षं?"

"चाळीस झाली."

"चाळीस वर्षांत कधी उपटलं होतं?"

"न्हाय."

"मग आत्ता का? कुणी सांगितलं?"

हैबतींनी तोंड उघडलं. तान्हुबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते मिटलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं. एवढंसं. हलगीवालासुद्धा थांबला होता.

"कुनी न्हाय," ती म्हणाली. "माज्या मनानं केलं. कौल लावला, आसरांनी उजवा दिला. म्हातारपनी बुद्धी फिरली म्हना."

आणि मी? मी काही बोलले नाही. जीभ टाळूला चिकटली म्हणावं तर तसंही नव्हतं, कारण परतीच्या वाटेवर जीपमध्ये ती चांगली सुटली. चौथा अर्ज हातातून निसटत होता. नोकरी निसटत होती. मी बोलत सुटले.

"मॅडम, हेच तर आमचं म्हणणं आहे. लोकांमध्ये जाणीवच नाही. श्रद्धा असते, पण ज्ञान नसतं. आम्ही राईला तारेचं कुंपण घालू. कुलूप लावू. किल्ली संस्थेकडं राहील. ज्यांनी हे केलं त्यांना आत सोडायचंच नाही. तीन वर्षांत पट्टा पूर्ववत होईल."

बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे त्या बाईंनाही नाही?" त्यांनी विचारलं.

"त्यांनाही नाही," मी म्हटलं.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या.

मी लिहून दिलं. 'स्थानिकांच्या अज्ञानामुळे' हे शब्द माझेच. अनुदान मंजूर झालं. देवस्थळी सरांनी ऑफिसात पेढे वाटले, माझी नोकरी पक्की केली. मी पेढा खाल्लासुद्धा.

जूनच्या आधी कुंपण झालं. लोखंडी खांब, पाच पदरी काटेरी तार, दाराला कुलूप. तान्हुबाईचा दगड कुंपणाच्या बाहेर राहिला.

पावसाळ्यात मी एकदोनदा गेले, पण खालच्या बांधांचं काम बघून परतले. राईकडे जायचं टाळलं, खोटं कशाला बोलू? शेवटी मार्गशीर्षात फोटो काढायला जावंच लागलं. दुसऱ्या हप्त्यासाठी नमुना पट्ट्याचे फोटो लागणार होते.

ती दगडावर बसली होती. समोर टोपली.

"आलीस?" ती म्हणाली. "लई वाट बगितली. किल्ली आनलीस न्हवं?"

"आणलीय."

"मंग येवढं आत न्ये." तिनं टोपली पुढे केली. आत केळीच्या पानावर दहीभात, हिरव्या बांगड्या, खण. "आसरांचा निवद चुकलाय माजा. सहा अवसा झाल्या. चाळीस वर्सांत येकदा चुकला न्हवता, बाळंतपनातबी न्हाय."

"तुम्हीच चला ना. मी दार उघडते."

"न्हाय गं बाय. माजं नाव कागदावं हाय म्हनं, आत घ्यायचं न्हाय म्हनून. हैबतीनं वाचून दावलं. आन नसतं तरी हे लोखंड कसं वलांडू? तुमी सगळ्या बाजूनं लोखंडच लावून ठिवलंय."

मी तारेकडे बघितलं. खरं सांगते, तोवर ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. ज्या जागेत ओढणीची पिन चालत नव्हती, तिला मी पाचपदरी लोखंडानं आवळलं होतं.

"तान्हुबाई," मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"घ्येतलं आस्तं तर त्या टोपीवाल्या बाईनं कागूद फाडला आस्ता. मंग पानी कुनी आनलं आस्तं? तुला लिवता येतंय. मला काय येतंय? पिशव्या बगायला." ती हसली आणि मग गंभीर झाली. "जा आत. त्यास्नी सांग, तान्ही चुकली, पदरात घ्या."

मी कुलूप काढून आत गेले. पावसानं उघड्या काठाचा मोठा लचका तोडून डोहात ढकलला होता. जिथं कमरेएवढं पाणी होतं तिथं गुडघाभर गाळ. दगडांवरचा चुना धुपून पांढरे ओघळ राहिले होते. मी दहीभात ठेवला, बांगड्या ठेवल्या, खण ठेवला. पण तिनं सांगितलेलं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. तिच्या वतीनं माफी मागायची? कशाची? मी माझी मागितली. तीही नीट जमली नाही, रडूच आलं.

बाहेर आले तेव्हा तिनं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी नगरकरबाईंना पत्र लिहिलं. सगळं. फोन, 'नीटनेटका', 'माझ्या नावानं सांगा', कौल, हळदीच्या चिंध्या. अर्ज लिहिण्यात मुरलेली मी, पण ते एक पान लिहायला मला सबंध दिवस लागला. देवस्थळी सरांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"वेडी आहेस का तू? सगळं सुरळीत चाललंय. दुसरा हप्ता अडकला तर बांध अर्धवट राहतील. मग तुझी ती तान्हुबाई काय पिणार? तुझा पश्चात्ताप?"

हे मात्र मला झोंबलं, कारण ते खरं होतं. माझं मन हलकं व्हावं म्हणून वाडीचं पाणी पणाला लागत होतं. मी पत्र दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी वाटलं, तिथं राखायला ती नसेल तर बांध तरी कोण राखणार? कुलूप? आणि पत्र पेटीत टाकलं.

उत्तर यायला पंधरा दिवस लागले. ते दिवस कसे गेले ते मला विचारू नका. पत्र जेमतेम पाच ओळींचं होतं, टंकलेलं, कोरडं. 'कुंपण काढावं. राखणीची जबाबदारी श्रीमती तान्हुबाई मरगळे यांच्याकडे मानधनासह द्यावी व तसा ग्रामसभेचा ठराव पाठवावा. ठराव मिळताच दुसरा हप्ता देण्यात येईल. या कामावर आपल्या जागी अन्य कार्यकर्ता नेमावा.' खाली सही. सहीखाली शाईनं एक ओळ होती, 'त्यांचे हात बरे झाले का?'

मला ते उत्तर देता आलं नाही. मी विचारलंच नव्हतं.

माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली, मग मी ती संस्थाही सोडली. कुंभळवाडीच्या बातम्या कानावर यायच्या. बांध पुरे झाले. लव्हाळं खालच्या डबक्यांतून आणून बायांनी पुन्हा लावलं, हातानंच. सहा वर्षांनी मी एकदाची हिय्या करून गेले, मे महिन्यात, मुद्दामच. घाट उतरणाऱ्या बाया दिसतात का बघत होते. एकही दिसली नाही. वाडीखालच्या दुसऱ्या बांधापाशी एक म्हैस निवांत पाण्यात बसली होती. तिला बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हशीला बघून!

राईच्या तोंडाशी काळा दगड आणि दगडावर तान्हुबाई. आणखी वाळलेली. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मागे कुंपण नव्हतं, त्याच्या जागी निगडीची जाळी माझ्या डोक्यावर गेलेली.

"पिशवीत काय हाय?"

तिनं मला ओळखलं की नाही ते कळेना. मी मुकाट्यानं पिशवी दगडावर रिकामी केली. पाण्याची बाटली, हिरव्या बांगड्या, खण, रुमाल. आणि किल्ली. ती मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. का, ते मलाच माहीत नाही. टाकवली नव्हती एवढं खरं.

तान्हुबाईनं ती उचलून चष्म्यापाशी नेली.

"कशाची गं ही?"

"इथलीच. त्या कुलपाची."

ती किल्ली तळहातावर घेऊन बसली. त्या तळहातावर पांढऱ्या बारीक रेघा होत्या, आडव्याउभ्या, पातीनं कापल्याच्या. माझं उत्तर सहा वर्षांनी मला मिळालं.

"तुमचे हात…" मी म्हटलं.

"त्याला काय झालंय? कवाच बरं झालं." तिनं किल्ली दगडाच्या खोबणीत ठेवली. "हितं ऱ्हाऊ दे. लोखंड हाय. जाताना न्ये न्हायतर नगं न्हिऊ. जा आत."

मी चपला काढल्या. ओढणीला पिन नाही ना, म्हणून स्वतःच खांदा चाचपला. चार पावलं आत गेले तोच मागून हाक आली.

"आगं ये वृंदे!"

मी वळले. ती चष्म्यावरून बघत होती आणि तोंडावर पदर धरून हसत होती.

"आत काय नीटनेटकं करू नगंस!"